रुख्माकाकीचं बोट

कोवळ्या कोहळ्याकडे, म्हणजे तुमच्या लाल भोपळ्याकडे, सरळ बोट दाखवायचं नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दाखवायचंच झालं तर बोट मुडपायचं आणि पेरानं दाखवायचं. सरळ बोट दाखवलं की फळ पिवळं पडतं आणि गळतं. हे खरं की खोटं, कोणी तपासून पाहिलेलं नाही. तपासायला गेलं आणि खरं निघालं तर हातचं कोहळं जायचं, त्यापेक्षा बोट मुडपलेलं बरं. म्हणून सगळे मुडपतात. एकटी रुख्माकाकी सोडून.

रुख्माकाकीचं तोंड आणि बोट बरोबरच चालायचं. ढगाबद्दल बोलली की बोट आभाळाकडे, जावयाबद्दल बोलली की बोट जावयाच्या नाकासमोर. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाणाऱ्या परक्या माणसानं रस्ता विचारला, की बाकीच्या बायका तोंडानं सांगायच्या आणि काकी हात लांब करून त्याला बोटानंच अर्ध्या वाटेपर्यंत नेऊन सोडायची. कोणाला त्याचं काही वाटत नसे. नवरा जाऊन वर्षं झाली होती, पोरगी लग्न होऊन कोहमारा गावाकडे गेली होती, घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं. म्हातारी बोटानं बोलते तर बोलू दे, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. शिवाय तिच्या स्वतःच्या वेलांना दरवर्षी इतकी कोहळी लागायची, की बोटाचा विषयच निघत नसे.

आमचं गाव आमगावजवळचं, धानाचं. पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे धान, भाजीला जागा म्हणजे घरामागची हातभर बाडी. पण दिवाळी झाली की गावचा तलाव मागं सरतो आणि काठाला काळ्या गाळाचा लांब पट्टा उघडा पडतो. ती जमीन कोणाचीच नाही, तलावाची. बायकांचा बचत गट दरवर्षी दोरी लावून तिचे सारखे तुकडे पाडतो आणि मागेल त्या घराला एक देतो. त्यालाही आम्ही बाडीच म्हणतो. नियम दोनच. पावसाळ्यात पाणी चढलं की गुपचूप उठायचं, आणि ज्याची बाडी पडीक पडली त्याची दुसऱ्याला जायची.

रुख्माकाकीच्या शेजारची बाडी शामकलाची. शामकला म्हणजे हाताला चैन नसलेली बाई. बाकीच्यांनी बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं की झालं, हिनं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून फाटक केलं. वाफ्यांच्या मधून घरावरची जुनी कवेलू अंथरून पायवाट केली, पाय चिखलात जाऊ नये म्हणून. दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या आणि टमाटरच्या एकेका झाडाजवळ काठीला उलट्या टांगल्या, थेंब थेंब पाणी पडत राहावं म्हणून. कोपऱ्यात खताचा खड्डा, खड्ड्यावर झाकण, झाकणाला कडी. तिचा नवरा टेकचंद म्हणायचा, की पाण्यात जाणाऱ्या जमिनीवर एवढी मेहनत करणारी बाई त्यानं पाहिली नाही. त्यावर ती म्हणायची, जमीन सात महिन्यांची असेल, आपले डोळे तर बारा महिन्यांचे आहेत.

खोटं कशाला बोला, बाडी पाहण्यासारखी होती. आमगावच्या बाजाराला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून पाहून जायच्या. शामकला तेव्हा मुद्दाम पाठ करून निंदण करत राहायची. पण कान मागं असायचे.

यंदा तिचा मुलगा उमेंद्र गोंदियाहून हिरवी जाळी घेऊन आला. तो तिथं शेतीच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे. तलावावर वांदरांचा फार त्रास, एक टोळी उतरली की टमाटरचा सत्यानास. उमेंद्रनं बांबू गाडले आणि जाळी चारी बाजूंनी लावली, वरूनही ताणली, खालची कड दगडांनी दाबली. काम झाल्यावर हात झटकत म्हणाला, "आता वांदरू सोड, आई, मच्छर बी नाही जाणार आत." शामकला त्या दिवशी जाळीच्या आत एकटीच बराच वेळ उभी राहिली. हिरव्या उजेडात सगळी बाडी दुसऱ्याच कुठल्या श्रीमंत गावातली वाटत होती.

गटाच्या पुढच्या बैठकीत तिनं एक गोष्ट जाहीर करून टाकली. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, उपास सोडायला, तलावाच्या पाळीवरच्या महादेवाच्या देवळात भंडारा असतो. भात, वरण आणि कोहळ्याची भाजी. कोहळी दरवर्षी रुख्माकाकीची. तो तिचा मान आहे असं कोणी म्हणत नसे, पण तो होताच. यंदाची कोहळी माझ्या बाडीतली, असं शामकला म्हणाली. गटाची अध्यक्ष प्रेमिला हिनं काकीकडे पाहिलं. काकी हसली आणि म्हणाली, दे ना वो बाई, माझेही हात सुटतील.

ती मनापासून म्हणाली होती. शामकला लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिच्या ओटीत पहिलं मूठभर कोहळ्याचं बी रुख्माकाकीनंच टाकलं होतं. जाळीच्या आत चढलेला वेलही त्याच बियांच्या पोटचा.

पौषात वेलाला फुलं आली आणि फुलांच्या देठाशी लिंबाएवढी कोहळी दिसू लागली. एका सकाळी काकी पत्र्याचं फाटक ढकलून आत आली. सगळीकडे फिरली, सलाइनच्या बाटल्या पाहिल्या, कवेलूवर पाय वाजवून पाहिला आणि वेलाजवळ येऊन तिनं हात लांब केला. एकेका कोहळ्याकडे सरळ बोट दाखवत ती म्हणाली, "अवो शामकला, हे पाह्य, हे पाह्य, अन् हे तं पानाखालीच लपून रायलं. भंडारा जेवून उरते इतके हायेत."

काकी गेल्यावर शामकलानं पानं ओढून एकेक कोहळं झाकून टाकलं.  

आठवडा गेला नाही तोच पहिलं कोहळं पिवळं पडलं. मग दुसरं. हात लावला की देठातून सुटून यायचं. नवीन फुलं यायची, नवीन फळ दिसायचं, चार दिवस आशा लावायचं आणि गळायचं. दोडक्याचंही तेच. टमाटर आणि मिरची मात्र लदलदून आलेली, म्हणजे मातीत खोट नाही, पाण्यात खोट नाही. शामकलानं खत घातलं, राख टाकली, ताक शिंपडलं, उमेंद्रकडून औषध मागवलं. खाली गळून पडलेली फळं ती रोज वेचायची आणि कोणी पाहायच्या आत खड्ड्यात टाकून झाकणाची कडी लावायची. भंडाऱ्याला कोहळी देईन म्हणून चारचौघींत बोलून बसली होती. आता काय तोंड दाखवायचं, याच विचारानं तिला अन्न गोड लागत नव्हतं.

अशात एक दिवस बोरिंगवर पाणी भरताना मंजूनं विचारलं, मामी, कोहळी कशी आहेत? मंजू म्हणजे प्रेमिलाची सून, कडेवर तान्हं पोर. शामकला म्हणाली असती की कीड लागली, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ती म्हणाली, "रुख्माकाकीनं बोट दाखवलं, तवापासून एकबी टिकून नाही रायलं."

एवढंच. हंडा भरला, तिनं उचलला आणि ती घरी आली. तिला जरा हलकं वाटलं, हेही खरं आहे. दोष कुठंतरी ठेवून दिला की डोक्यावरचा भार उतरतो.

पुढचं काम गावानं केलं. आमच्या गावाला कामाचा कंटाळा आहे, पण असल्या कामाचा नाही. संध्याकाळपर्यंत कोणाला आठवलं की मागच्या साली काकीनं आमच्या लौकीच्या वेलाकडे बोट केलं होतं. कोणाला आपली आटलेली म्हैस आठवली. काकीची स्वतःची कोहळी दरवर्षी एवढी कशी येतात, हाही प्रश्न निघाला. इतकी वर्षं त्यांची भाजी खाताना तो कोणाला पडला नव्हता. तो एक वाईट शब्द, जो बाईला लागला की मरेपर्यंत निघत नाही, तो कोणी तोंडातून काढला नाही. काढायची गरजच पडली नाही. काकी पाळीवरून येताना दिसली की बायका वेलावर पोतं टाकू लागल्या. बोलता बोलता तिचं बोट वर झालं की समोरची बाई बाजूला सरकायची.

रुख्माकाकीला कळायला वेळ लागला. आपल्याबद्दल वाईट ऐकायची तिला सवय नव्हती. एका सकाळी मंजू पोराला घेऊन बाडीवर आली होती. काकी नेहमीसारखी हसत पुढं झाली, बोट लांब करून म्हणाली, दात आले वाटते लेकराला. मंजूनं झटकन पदर ओढून पोराचं तोंड झाकलं आणि पाठ फिरवली. शामकला जाळीच्या आतून पाहत होती. काकीचं बोट तसंच हवेत राहिलं होतं. मग तिनं ते हळूच मागं घेतलं आणि हात पदराखाली घातला, भाजल्यावर घालतो तसा.

त्या वेळी जाळीच्या बाहेर येऊन एक शब्द बोलायला हवा होता. शामकलाला ते कळलं होतं. ती खाली बसली आणि नसलेलं तण काढू लागली.

त्यानंतर काकी बाडीवर येईनाशी झाली. तिचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलावर गेला, वांगी झाडावरच पिकून पिवळी झाली. तलावावर एकदम शांतता झाली. आधी कटकट वाटायची ती तिची बडबड आता नव्हती, आणि तिच्याबद्दल कोणी विचारतही नव्हतं. शिवरात्र आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा प्रेमिलानं गटात विषय काढला. नियम सगळ्यांना सारखा, बाडी पडीक पडली आहे. शेजारी शामकलाची आहे, ती चांगली सुधारून घेईल, तिलाच देऊन टाकू. कोणाची हरकत आहे का? कोणाचीच नव्हती.

शामकला हो म्हणाली. तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याच वेळी मनात ती मधलं कुंपण काढून फाटक कुठं सरकवायचं तेही पाहत होती. माणूस एकाच वेळी दोन्ही करू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती विळा घेऊन काकीच्या बाडीत शिरली. आधी मधलं काट्याचं कुंपण काढायचं ठरवलं. वाळलेल्या फांद्या ओढता ओढता तिला गवताखाली काहीतरी मोठं, पिवळसर दिसलं. तिनं गवत बाजूला केलं.

कोहळं होतं. दोन हातांत मावणार नाही एवढं, पोसलेलं, पाठीवर रेषा उमटलेलं. वरून उन्हाचा चटका बसू नये म्हणून नीट धानाची तणस पसरलेली. खाली ओल लागून सडू नये म्हणून कवेलूचा तुकडा, आणि कवेलूवर जुन्या हिरव्या लुगड्याची चुंबळ. ती चुंबळ गावात कोणीही ओळखली असती. रुख्माकाकी वर्षानुवर्षं तिच्यावर टोपलं ठेवून चालत आली होती.

शामकलाला वाटलं, काकीच्या वेलाचं असेल. तिनं देठाला धरून वेल मागं मागं चाचपत नेला. वेल कुंपणाखालून गेला, दगडाशेजारून गेला आणि जाळीच्या कडेखालून आत शिरला. मूळ तिच्याच वाफ्यात होतं.

म्हणजे तिच्या वेलाचा एक फाटा जाळीखालून निसटून काकीच्या बाडीत आला होता. तिथं काकीच्या डोळ्यांसमोर, काकीच्या त्या बोटासमोर, दिवसच्या दिवस पडून राहिला होता. आणि वेलाला लागलेल्या सगळ्या कोहळ्यांत तेवढं एकच जगलं होतं. काकीनं ते तोडलं नव्हतं. दुसऱ्याचं म्हणून जपलं होतं, आणि स्वतःची चुंबळ त्याच्या बुडाखाली दिली होती.

वेलाच्या शेंड्याला एक फूल उघडलं होतं. त्यात दोन मधमाश्या लोळत होत्या, अंगभर पिवळ्या झालेल्या. शामकला त्यांच्याकडे पाहत राहिली. मग उठून जाळीच्या आत गेली. आतही फुलं उघडलेली होती. ती प्रत्येक फुलाजवळ थांबली. एकाही फुलावर माशी नव्हती. बाहेरून एक माशी जाळीवर येऊन बसली, जरा चालली आणि उडून गेली.

मच्छर बी नाही जाणार आत, असं उमेंद्र म्हणाला होता. टमाटर-मिरचीचं माशीवाचून भागतं, वेलाचं भागत नाही. हे तिला माहीत नव्हतं का? फुलावर माशी बसल्याशिवाय दोडका धरत नाही, हे तर तिला लहानपणापासून माहीत होतं. पण जाळी तिची होती, तिच्या लेकानं लावलेली होती, लोक पाहायला येत होते. म्हणून तिकडे तिची नजर गेलीच नव्हती. ती खताच्या खड्ड्याजवळ बसली.  आसपास कोणी नव्हतं तरी तिनं तोंडावर पदर घेतला.

दुपारी ती काकीच्या घरी गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. काकी ओसरीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. शामकलाला पाहिल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. पूर्वी ती लांबूनच बोट करून, ये ये, तिकडं बस, म्हणायची.

"बाडी तुले भेटली म्हनते," काकी म्हणाली. "बरं झालं. माती चांगली हाय तिची."

शामकलानं मान हलवली. काकीनं काळा चहा ठेवला. चहा देताना कप जमिनीवर ठेवून तिनं तो शामकलाकडे सरकवला, हातात दिला नाही. शामकलानं चहा प्यायला, पोरीचं कसं चाललं आहे विचारलं, थंडी कमी झाली म्हणाली आणि उठली. दारातून बाहेर पडताना तिला स्वतःची किळस आली. बोरिंगवर एका दमात निघालेलं वाक्य, आणि आता त्याच तोंडातून चार शब्द निघेनात.

शिवरात्रीच्या भंडाऱ्याच्या सकाळी तिनं ते कोहळं तोडलं. चुंबळ घडी करून कमरेला खोचली आणि कोहळं डोक्यावर घेऊन देवळाकडे निघाली. काय करायचं ते तिचं तिलाच ठरलेलं नव्हतं. कोहळं देवळात जाईल, काकीची वस्तू काकीच्या घरी जाईल, आणि बाकीचं महादेव पाहून घेईल, असं काहीतरी ती मनाशी म्हणत होती. अवघड काम देवावर टाकायची सोय फार जुनी आहे.

पाळीवर बायका विळ्या मांडून बसल्या होत्या. काकीची कोणाला नको होती म्हणून बाजारातून आणलेली कोहळी एका बाजूला रचलेली होती. शामकलानं डोक्यावरचं कोहळं उतरवलं तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. काय कोहळं, काय वजन, म्हणून बायका उठून पाहायला आल्या. शामकलाच्या बाडीचं नाव झालं. मंजू पोराला घेऊन जवळ आली आणि तिनं मुडपलेल्या बोटाच्या पेरानं कोहळ्याची पाठ वाजवून पाहिली.

मग प्रेमिला म्हणाली, "पाह्य, बुढीचं येनं बंद झालं अन् कोहळं धरलं. आता तरी पटलं का?"

पटलं, असं दोघी-तिघी म्हणाल्या. शामकला उभीच होती. जे कोहळं काकीला सोडवणार होतं, तेच तिच्या गळ्यात दगडासारखं बांधलं जात होतं, आणि ते इथवर तिनंच आणलं होतं. आता गप्प राहिलं तर पुन्हा कधी बोलता येणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं.  तिनं कमरेची चुंबळ काढली आणि कोहळ्याशेजारी ठेवली.

"हे माझ्या जाळीतलं नाही," ती म्हणाली. "जाळीतलं एकबी नाही जगलं. हे रुख्माकाकीच्या बाडीत वाढलं, तिच्या डोळ्यासमोर. ही तिची चुंबळ. तिनं याच्या खाली देल्ली होती. माझे गळले ते माझ्या जाळीनं गळले, माशीच नाही शिरली आत. मले समजलं तरी मी चूप रायली. अन् बोरिंगवर जे बोलली ते मीच बोलली."

 भात शिजत होता त्याचा आवाज येत होता. प्रेमिलानं चुंबळ उचलून पाहिली आणि परत होती तिथं ठेवली. मग एक बाई हळूच म्हणाली, की आपण तर काही म्हटलंच नव्हतं. दुसरी म्हणाली, तिनं फक्त ऐकलं होतं. मंजू म्हणाली, त्या दिवशी वारा होता म्हणून तिनं पोराचं तोंड झाकलं. विळ्या पुन्हा चालू लागेपर्यंत असं निघालं की गावात कोणीच कधी काही म्हटलं नव्हतं. रुख्माकाकी आपल्या मनानंच घरात बसली होती. शामकलाला त्यांचा राग आला, पण राग करायला तोंड कुठं होतं? ती तशीच पाळीवरून गावात गेली.

काकी ओसरीतच होती. या खेपेला शामकला बसली नाही, तिनं चहाची वाट पाहिली नाही. कोहळ्याचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, बोरिंगवर बोलली होती तेच वाक्य तिच्या तोंडावर पुन्हा म्हणून दाखवलं. देवळात सगळ्यांसमोर बोलून आले, हेही सांगितलं. मग वाकून तिनं काकीच्या पायांवर डोकं ठेवलं. काकीनं पाय मागं घेतले नाहीत, आणि उठ असंही म्हटलं नाही.

मग काकी म्हणाली, "बोरिंगवर तू एकच डाव बोलली होती ना वो?"

"हाव."

"अन् मंग आता किती डाव बोलशीन?"

 बोलत राहीन, असं शामकला म्हणाली. काकीनं मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. बाडीचं शामकलानं सांगितलं, की आजच प्रेमिलाला सांगून बाडी परत तुमच्या नावावर करते, कुंपण आहे तसं बांधून देते. काकी म्हणाली, पाहू. मग उठून तिनं धुतलेलं लुगडं नेसलं.

"तुह्यासाठी नाही येऊन रायली," ती म्हणाली. "महादेवाचा परसाद हाय, म्हनून येते."

देवळात काकीला पाहून एकच धावपळ झाली. इकडे बसा काकी, सावलीत बसा काकी. प्रेमिलानं स्वतः तिची पत्रावळ मांडली. मंजूनं तर पोरगं नेऊन तिच्या मांडीवरच ठेवलं आणि म्हणाली, पाहा, दात आले त्याला. पोरानं काकीचं बोट धरायला हात केला. काकीनं मूठ मिटली आणि मुठीनंच त्याला थोपटलं. तिनं जपलेल्या मोठ्या कोहळ्याची भाजी झाली होती, ती सगळ्यांच्या आधी तिला वाढली. चांगली झाली, ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. एरवी मीठ कोणी टाकलं, फोडणी कोणाची, विस्तव कोण सांभाळतं, सगळं तिनं बोट दाखवून विचारलं असतं. बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, हसत होत्या, आणि त्यांच्या मधोमध ती हात मांडीत घेऊन पाहुणीसारखी बसली होती.

जेवणं चालली असताना पाळीवर एक मोटारसायकल थांबली. मागं बायको बसलेला कोणी परका माणूस होता. दरेकशाला कोणत्या रस्त्यानं जायचं, असं त्यानं विचारलं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं सगळ्या बायकांनी रुख्माकाकीकडे पाहिलं. रस्ता दाखवायचं काम तिचंच होतं.

काकीचा हातही सवयीनं वर गेला, बोट लांब झालं, आणि समोरच्या बायकांच्या तोंडांकडे पाहून तिथंच थांबलं. मग तिनं ते मुडपलं. कोवळं कोहळं दाखवावं, तसं पेरानं तिनं त्या माणसाला रस्ता दाखवला.

तो माणूस बरं म्हणून निघून गेला. त्याला काय माहीत? शामकलाच्या पत्रावळीवरची भाजी तशीच राहिली.